पेठेतील शंभर वर्षांपूर्वीच्या विटांच्या इमारतीचे वारसामूल्य कसे तपासावे आणि कसे लिहून ठेवावे

खाली दुकान, मागे वखार आणि वर बिऱ्हाड अशी विसाव्या शतकाच्या आरंभीची विटांची इमारत ज्यांच्या मालकीची आहे, जे अशा इमारतीत भाडेकरू म्हणून राहतात किंवा व्यापार करतात, आणि आपल्या पेठेतील अशा इमारतीची नीट नोंद व्हावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. सांगलीत अशा इमारतीविषयीचे निर्णय बहुधा घाईत होतात. पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची नोटीस येते, पूर ओसरल्यावर ठेकेदार येतो, वाटणीची बोलणी सुरू झाली की बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव येतो, आणि त्या वेळी इमारतीत नेमके काय मोलाचे आहे हे सांगणारा एकही कागद घरात नसतो. ‘जुनी आहे, सुंदर आहे’ एवढ्या सांगण्याने कोणाचेच मत बदलत नाही. इमारतीचे मोल तिच्या विटांत, लाकडात, जिन्यात आणि कागदपत्रांत पुराव्यानिशी दाखवता आले पाहिजे, आणि ते काम शांतपणे, वेळ हाताशी असतानाच करून ठेवले पाहिजे.

प्रथम काळाविषयी. इंग्लंडच्या गादीवर सातवा एडवर्ड १९०१ ते १९१० या काळात होता आणि वास्तुकलेच्या चर्चेत हा एडवर्डीय काळ पहिल्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत, ताणून धरण्याची पद्धत आहे. कॅनडातील व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया या शहरांत याच वर्षांत रेल्वे आणि बंदराच्या व्यापाराच्या जोरावर विटांच्या दोन-तीन मजली इमारती झपाट्याने उभ्या राहिल्या. त्यांच्या तळमजल्यावर दुकाने असत आणि वर भाड्याच्या खोल्या. सांगलीतील त्याच काळातील इमारत दिसायला वेगळी असली तरी तिच्यामागची कारणे फारशी वेगळी नाहीत. १९०३ मध्ये सांगलीच्या गादीवर दत्तक आलेल्या चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना १९१० मध्ये पूर्ण अधिकार मिळाले, म्हणजे मधली वर्षे संस्थानचा कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चालला. १९०७ मध्ये मिरज-सांगली रेल्वे सुरू झाली आणि पेठेतील हळद, गूळ, शेंगा मिरज जंक्शनमार्गे दूरच्या बाजारांत सहज पोहोचू लागल्या. त्याच रेल्वेने मंगळुरी कौले, विलायती लोखंडी तुळया आणि शहाबादी फरशी गावात आणणे सोपे केले. त्यामुळे या काळातील इमारतीत वाड्याची जुनी रचना आणि आगगाडीने आलेले नवे साहित्य शेजारी शेजारी सापडते. माझ्या मते सांगलीच्या या इमारतींचे खरे वैशिष्ट्य या सरमिसळीत आहे, आणि पाहणी करताना लक्ष तिच्यावरच ठेवावे.

रस्त्यावरून पाहणी

पाहणीची सुरुवात समोरच्या बाजूच्या ओट्यावरून किंवा शक्य असल्यास समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून करावी, कारण गणपती पेठ, हरभट रोड किंवा कापड पेठ यांसारख्या अरुंद आणि गजबजलेल्या रस्त्यांवर खालून पाहणाऱ्याला दुकानाच्या पाट्या, ताडपत्र्या आणि विजेच्या तारा यांपलीकडे फारसे काही दिसत नाही. तळमजल्यावर पोलादी शटर आणि मोठ्या पाट्या बसलेल्या असल्याने जुने अवशेष तेथे कमी उरलेले असतात. वरच्या मजल्याला मात्र सहसा कोणी हात लावलेला नसतो. सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी दर्शनी भागाचे सरळ समोरून, डाव्या कोपऱ्यातून आणि उजव्या कोपऱ्यातून असे फोटो घ्यावेत, आणि शेजारच्या दोन्ही इमारती चौकटीत येतील असा एक फोटो अवश्य घ्यावा. शेजारच्या इमारतींशी जुळणारी उंची, एका ओळीत येणारे सज्जे आणि रस्त्याच्या वळणाशी बसणारा कोपरा या गोष्टी एकट्या इमारतीच्या फोटोत कधीच उतरत नाहीत, आणि बाजारपेठेतील इमारतीचे निम्मे मोल त्यांतच असते.

त्यानंतर विटांकडे यावे. वाड्यांच्या काळातील विटा पातळ आणि चपट्या असत, तर ब्रिटिश अमदानीत सुमारे नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद आणि तीन इंच जाड अशा मापाच्या विटांचा वापर वाढला. एक वीट मोजण्यापेक्षा दहा थरांची उंची एकदम मोजून तिला दहाने भागावे, म्हणजे वीट आणि दर्जा, अर्थात दोन विटांमधला मसाल्याचा सांधा, मिळून सरासरी माप मिळते आणि भट्टीतल्या लहानमोठ्या विटांचा गोंधळ टळतो. एका थरात विटेची लांब बाजू आणि पुढच्या थरात आखूड बाजू दिसत असेल, तर ती इंग्लिश बाँडची रचना होय. असे दिसल्यास त्याची नोंद करावी. खिडक्यांवरच्या कमानी अर्धगोल आहेत की चपट्या आहेत, मधल्या चावीच्या दगडावर कोरीव काम आहे का, मजल्यांच्या सीमेवर विटा पुढे काढून कंगणी केलेली आहे का, सज्जाचे कठडे बिडाचे आहेत की लाकडाचे, वळचणीला लाकडी झालर शिल्लक आहे का, या साऱ्यांची नोंद शब्दांतही करावी. फोटोवर विसंबू नये, कारण शब्दांत लिहिताना माणूस अधिक बारकाईने पाहतो.

दर्शनी भागाच्या माथ्यावर किंवा दाराच्या वरच्या चुन्यातील नक्षीत बांधकामाचे वर्ष कोरलेले असल्यास ते बहुधा शालिवाहन शकाचे असते. शकात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो, मात्र पौषापासून फाल्गुनापर्यंतचा जो काळ जानेवारी ते मार्चमध्ये येतो त्यासाठी ७९ मिळवावे लागतात. शके १८२९ असे कोरलेले असेल तर ती इमारत १९०७-०८ची होय. कोरलेले वर्ष पूर्णत्वाचे आहे, पायाभरणीचे आहे की केवळ दर्शनी भाग नव्याने बांधल्याचे आहे, हे त्यावरून सांगता येत नाही, आणि म्हणून इतर पुरावे लागतात.

साहित्यावरून काळ ओळखणे

या टप्प्यावर घाई करू नये. इमारतीचे वय सांगणारे सर्वांत विश्वासू साक्षीदार छपरात आणि तक्तपोशीच्या वर दडलेले असतात.

छपरावरचे एखादे सैल कौल काढून उलटे करून पाहावे. मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव, गावाचे नाव आणि अनेकदा एक वर्ष ठशाने उमटवलेले असते. येथे एक सावधगिरी फार आवश्यक आहे. मंगळूरला कौलांचा कारखाना काढणाऱ्या बासेल मिशनच्या कौलांवर १८६५ हे वर्ष दिसते, पण तो त्या कारखान्याच्या स्थापनेचा सन आहे, कौल भाजल्याचा नव्हे. त्यावरून इमारत १८६५ची आहे असे लिहिले, तर पुढे कोणीही जाणकार संपूर्ण नोंदीवरचा विश्वास गमावेल. कौलाचा उपयोग इतकाच की इमारतीचे छप्पर कोणत्या व्यापारी मार्गाशी जोडलेले होते हे त्यावरून कळते, आणि वेगवेगळ्या कारखान्यांची कौले एकाच उतारावर मिसळलेली असतील तर छप्पर केव्हातरी फेरले गेले आहे हेही समजते.

लोखंडी तुळया अधिक नेमके बोलतात. दुकानाच्या पुढच्या रुंद दारावर किंवा वखारीच्या छताखाली गर्डर असेल तर त्याच्या पोटावर बॅटरीचा उजेड तिरपा पाडावा. रंगाच्या थराखालून उठावाची अक्षरे दिसू लागतात. ‘डॉरमन लाँग, मिडल्सब्रो’ असे इंग्रजी अक्षरांत आढळल्यास तो गर्डर इंग्लंडमधून आलेला आहे. टाटांचे नाव आढळल्यास मात्र तो गर्डर १९१२ पूर्वीचा असू शकत नाही, कारण टाटांच्या पोलाद कंपनीची स्थापना १९०७ची असली तरी तिच्या कारखान्यात पोलाद तयार होऊ लागले ते १९१२ मध्ये. अशा वेळी इमारतीवर १९०७-०८ चे वर्ष कोरलेले असेल आणि गर्डर टाटांचा असेल, तर तो मजला नंतर बदलला गेला असे अनुमान करता येते.

दर्जांतील मसाला खिळ्याने हलकेच ओरखडून पाहावा. चुन्याचा मसाला भुसभुशीत सुटतो, त्यात न विरघळलेल्या चुन्याचे पांढरे खडे दिसतात आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घातलेली असल्यास त्याला गुलाबी झाक असते. भारतात पोर्टलंड सिमेंटचे नियमित उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले, त्यामुळे एडवर्डीय काळातील सांगलीच्या इमारतीत मूळ बांधकाम सिमेंटचे असण्याची शक्यता फार कमी आहे. जेथे राखाडी, टणक मसाला दिसेल तेथे नंतरची दुरुस्ती आहे असे समजावे आणि आराखड्यावर ती जागा रेखून ठेवावी. रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या फरश्यांचेही तसेच आहे. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स कंपनी १९२२ मध्ये स्थापन झाली, म्हणून देशी बनावटीची अशी फरशी पहिल्या मजल्यावर असली तर ती पुढच्या पिढीने हौसेने बसविलेली समजावी. नंतरची आहे म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. घराची भरभराट केव्हा झाली हे ती सांगते, आणि तेही इमारतीच्या इतिहासाचाच भाग आहे.

कडीपाट (लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेले छत), खांब, तुळया, बिजागऱ्या, कोयंडे, खिडक्यांचे गज आणि पोर्सेलीनच्या गुट्ट्यांवरून किंवा लाकडी पट्टीतून नेलेली जुनी वायरिंग यांचीही खोलीनिहाय नोंद करावी. या वस्तू काढून विकण्याचा मोह होतो, आणि भंगारवाला व जुन्या लाकडाचा व्यापारी नेमका त्याच वेळी दारात उभा असतो. शंभर वर्षांहून जुन्या इमारतीपासून सुटी केलेली वस्तू १९७२च्या पुरावशेषविषयक केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, हे मालकाने लक्षात ठेवावे.

दुकान आणि घर यांची सांगड

दर्शनी भाग सुंदर असला की सारे लक्ष त्याच्याकडेच जाते, आणि मग कमानी राखून मागचे सारे पाडण्याचे प्रस्ताव येतात. अशा प्रस्तावात इमारतीचा अर्थच हरवतो असे माझे स्पष्ट मत आहे. व्यापारी घराण्याने ही इमारत एकाच छपराखाली धंदा आणि संसार चालावा म्हणून बांधली होती, आणि हे दोन्ही परस्परांना अडथळा न होता कसे चालत, हे तिच्या आतल्या रचनेवरून कळते.

म्हणून प्रत्येक मजल्याचा साधा आराखडा काढावा. मोजपट्टी, आलेखाचा कागद आणि मदतीला एक माणूस एवढे पुरे. माल रस्त्यावरून आत येताना कोठे उतरविला जात असे, वजनकाटा कोठे होता, दिवाणजी कोठे बसत, तिजोरीची जागा कोणती, वखारीला मागच्या बोळातून दार होते का, घरातल्या बायकांना व पाहुण्यांना दुकानातून न जाता वर जाता यावे म्हणून बाजूने स्वतंत्र जिना होता का, मधल्या चौकातून उजेड आणि वारा किती खोलपर्यंत पोहोचत असे, स्वयंपाकघर व देवघर कोणत्या दिशेला होते, हे प्रश्न एकेक करून विचारावेत. ओट्याच्या दगडावर पोत्यांच्या घासण्याने झालेली झीज, दाराच्या चौकटीत फळ्या सरकवण्यासाठी केलेली खाच, वरच्या मजल्याच्या जमिनीत खाली दुकानात हाक मारण्यासाठी ठेवलेली झडप अशा खुणा आढळल्या तर त्या जवळून टिपाव्यात. शटर बसविण्यापूर्वी दुकाने फळ्या लावून बंद होत आणि ती खाच शटरच्या मागे अजून असू शकते. चौकटीवर हात फिरवून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही.

घरातील वयस्कर मंडळींना, विशेषतः सून म्हणून त्या घरात आलेल्या आजींना, या वेळी सोबत घ्यावे आणि ‘इथे काय होतं, आजी?’ एवढेच विचारावे. कागदावर नसलेल्या कितीतरी गोष्टी, उदाहरणार्थ सणाला माल मोजणाऱ्या हमालांची पंगत कोठे बसत असे किंवा पुराच्या वर्षी घरातील माणसे कोणत्या खोलीत राहिली, त्यांच्या बोलण्यातून कळतात. त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे आणि ते त्याच आठवड्यात लिहून काढावे. भाडेकरूंनाही वगळू नये. पिढ्यानपिढ्या एका दुकानात बसलेला भाडेकरू इमारतीच्या तळमजल्याविषयी मालकापेक्षा अधिक जाणतो.

कागदपत्रे

नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा आणि जोडलेला नकाशा घ्यावा, महापालिकेच्या घरपट्टी विभागात जुन्या करआकारणी नोंदवह्या पाहण्यासाठी अर्ज करावा आणि दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत, वाटणीपत्र व गहाणखत यांचा शोध घ्यावा. सांगली संस्थान ८ मार्च १९४८ रोजी विलीन झाले, म्हणून त्याआधीचे कागद आणि नंतरचे कागद यांची भाषा, शिक्के व कार्यालये वेगळी असतात, याची अपेक्षा ठेवावी. घरात जपलेल्या रोजकीर्दी, खतावण्या, भाडेपावत्या आणि हुंड्या फार महत्त्वाच्या आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अशा वह्या अनेकदा मोडीत असतात. मोडी वाचक गाठून निदान बांधखर्चाची पाने वाचून घ्यावीत. चुना, वीट, सुतार आणि गवंडी यांच्या नावे पडलेला खर्च सापडला तर इमारतीच्या बांधकामाचे वर्ष त्यावरून जितके पक्के होते तितके दुसऱ्या कशानेही होत नाही. जुन्या लग्नाच्या फोटोंत नवरदेवाच्या मागे दुकानाचा दर्शनी भाग आलेला असतो, तोही पुरावाच आहे.

मोल ठरविणे आणि लिहिणे

वारसामूल्य या शब्दाखाली अनेक वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्या एकत्र मिसळल्या की लेखन विसविशीत होते. वारसा जतनासाठी ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या १९७९च्या बुरा सनदेने सौंदर्याचे, इतिहासाचे, शास्त्रीय अभ्यासाचे आणि समाजाचे मोल वेगवेगळे तपासण्याची जी पद्धत रूढ केली, ती आपल्या पेठेलाही उपयोगी पडते. इमारत देखणी आहे का, हा एक प्रश्न. ती सांगलीच्या व्यापाराचा एखादा टप्पा दाखवते का, हा दुसरा. तिच्या बांधणीतून काही शिकता येते का, हा तिसरा. लोकांच्या आठवणीत आणि पत्ता सांगण्यात तिला स्थान आहे का, हा चौथा. यांत मी आणखी एक प्रश्न आवर्जून घालीन: त्याच पेठेत तिच्यासारख्या किती इमारती उरल्या आहेत आणि त्यांपैकी हिचे मूळ रूप किती शाबूत आहे? हे ठरविण्यासाठी आसपासच्या रस्त्यांवर फिरून तशा इमारतींची यादी करावीच लागते. प्रत्येक जुनी इमारत सारख्याच मोलाची नसते, आणि जी सर्वच बाबतींत ‘अमूल्य’ म्हणून मांडली जाते तिच्याविषयी वाचणाऱ्याला शंका येऊ लागते. सौंदर्याचे मोल साधारण असेल तर तसे लिहावे. त्यामुळे व्यापाराच्या इतिहासाविषयीचे विधान अधिक भक्कम वाटते.

लेखनासाठी कॅनडातील वारसा नोंदींची तीन भागांची मांडणी मला सर्वांत सोयीची वाटते. पहिल्या भागात इमारतीचे थोडक्यात वर्णन असते, दुसऱ्या भागात ती का मोलाची आहे याचे कारण असते, आणि तिसऱ्या भागात ज्या घटकांमुळे ते मोल टिकून आहे त्यांची नावे असतात. हे मूल्यपत्र सारे मिळून दोन पानांपेक्षा जास्त होऊ देऊ नये. कल्पित इमारतीचा एक नमुना येथे देतो.

‘ही गणपती पेठेतील पश्चिमाभिमुख, दोन मजली, विटा व चुन्याची इमारत असून तळमजल्यावर दुकान व वखार आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आहे. दर्शनी भागावर शके १८३० कोरलेले असून घरातील खतावणीत त्याच वर्षी वीट व चुन्याचा खर्च पडलेला आहे. मिरज-सांगली रेल्वे सुरू झाल्यानंतर लगेचच्या काळात हळदीच्या अडत व्यापारासाठी ही इमारत बांधली गेली आणि पेठेच्या त्या वाढीचा पुरावा म्हणून ती मोलाची आहे. वाड्यातील चौक आणि बाजारातील दुकान यांची एका अरुंद जागेत केलेली जुळणी तिच्यात अजून पाहायला मिळते. तिच्या दक्षिणेकडील दोन इमारतींशी तिच्या सज्जाची रेषा जुळते आणि तिघी मिळून रस्त्याच्या वळणाला आकार देतात. हे मोल पुढील घटकांत आहे: वरच्या मजल्यावरील पाच चपट्या कमानी व त्यांतील सागवानी खिडक्या, उघड्या विटांचे काम व चुन्याचे दर्जे, ओट्याची दगडी कड, दुकानाच्या चौकटीतील फळ्यांच्या खाचा, बाजूचा स्वतंत्र जिना, मधला उघडा चौक, वखारीवरील इंग्लंडमध्ये बनलेल्या दोन लोखंडी तुळया. तळमजल्यावरील शटर, मागील बाजूचा काँक्रीटचा स्लॅब आणि चौकातील स्नानगृह नंतरचे असून ते बदलण्यास हरकत नाही.’

शेवटचे वाक्य मुद्दाम लिहिलेले आहे. काय बदलता येईल हे स्पष्ट सांगितले की राहणाऱ्या कुटुंबाला नवी वायरिंग, नवे शौचालय, दुकानाला नवे शटर या गरजा कोणाशी न भांडता भागविता येतात. घटकांची यादी लिहिताना ‘सुंदर लाकडी काम’ असे मोघम लिहू नये. कोणत्या मजल्यावर, कोणत्या दिशेला, किती आणि कशाचे, हे लिहिले तरच पुढे एखादी वस्तू नाहीशी झाल्याचे सिद्ध करता येते.

पूर, चुना आणि सिमेंट

सांगलीत हा भाग वगळून कोणतीही नोंद पूर्ण होत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि जुन्या पेठा त्यात बुडाल्या. २००५ आणि २०२१ मध्येही पाणी शहरात शिरले होते. भिंतीवर उरलेली पुराची रेषा घासून काढण्यापूर्वी ओट्यापासून तिची उंची मोजावी, वर्षासह लिहावी आणि फोटो घ्यावा.

पुरानंतर सर्वाधिक नुकसान पाण्यापेक्षा घाईच्या दुरुस्तीने होते. त्या काळची वीट आजच्या चांगल्या भाजलेल्या विटेच्या मानाने मऊ असते आणि चुन्याच्या दर्जांमधून व गिलाव्यामधून भिंतीतली ओल बाहेर निघून जाते. ओली भिंत सिमेंटच्या गिलाव्याने बंद केली की ओलीला बाहेर पडायला वाट उरत नाही. ती भिंतीतच वर चढते, तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या तोंडाशी साठून त्यांचे स्फटिक होतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. दोन-तीन पावसाळ्यांत सिमेंटचा गिलावा विटेचे तोंड घेऊनच खाली येतो. म्हणून पूर ओसरल्यावर गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, दारेखिडक्या उघड्या ठेवाव्यात, फुगलेला गिलावा काढून भिंत महिनोन्महिने सुकू द्यावी आणि मगच चुना-सुरखीचा गिलावा करावा. दर्जे भरताना जुना मसाला छिन्नीने हलक्या हाताने दर्जाच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत काढावा. ग्राइंडर लावल्यास विटांच्या कडा कायमच्या कापल्या जातात. वाळूचा मारा करून विटा साफ करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, कारण भाजलेल्या विटेचे टणक तोंड एकदा गेले की आतली मऊ माती पावसाला उघडी पडते.

नोटीस आणि कायदा

सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून महापालिका १९९८ मध्ये झाली आणि धोकादायक इमारतीसंबंधीची नोटीस ती महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४खाली देते. अशा इमारतींचे वर्गीकरण सी-१, सी-२अ, सी-२ब आणि सी-३ असे केले जाते. सी-१ म्हणजे राहण्यास अत्यंत धोकादायक आणि तत्काळ रिकामी करावयाची, तर सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. नोटीस मिळाल्यास प्रथम माणसांच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी. याबाबत कोणतीही तडजोड नसावी. त्यानंतर चुन्याच्या व लाकडाच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी, कारण ज्याला फक्त काँक्रीट ठाऊक आहे त्याला झुकलेला कडीपाट पाडण्यायोग्य वाटतो, आणि जाणकाराला त्याच कडीपाटातील दोन कुजलेल्या तुळया बदलणे पुरेसे दिसते. आधी लिहून ठेवलेले मूल्यपत्र या अहवालासोबत जोडता येते.

वारसा यादीबद्दल मालकांच्या मनात मोठी भीती असते. इमारत यादीत गेली म्हणजे सरकारजमा झाली, असा समज अनेकांचा आहे आणि तो चुकीचा आहे. मालकी, भाडे आणि वापर मालकाकडेच राहतात. बदलासाठी परवानगी घ्यावी लागते आणि परवानगीचा कडकपणा श्रेणीनुसार बदलतो. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली आणि तिच्यात पहिली, दुसरी व तिसरी अशा श्रेणी आल्या. २०२० मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा इमारतींसाठी तरतुदी आहेत. पेठेतील दुकान-घरासारखी इमारत बहुधा तिसऱ्या श्रेणीत बसते, आणि त्या श्रेणीत आतील बदलांना बराच वाव असतो. यादी अंतिम होण्यापूर्वी हरकती व सूचना मागविल्या जातात; मालकाने आपले मूल्यपत्र त्याच वेळी सादर केले तर कोणते घटक जपायचे आणि कोठे मोकळीक हवी हे त्याच्या शब्दांत नोंदले जाते.

मूल्यपत्र, आराखडे, फोटो आणि ध्वनिमुद्रणे यांच्या निदान तीन प्रती कराव्यात. एक प्रत इमारतीतच वरच्या मजल्यावर, पुराच्या रेषेच्या चांगली वर ठेवावी, दुसरी शहराबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे द्यावी आणि तिसरी नगर वाचनालयाने स्वीकारल्यास तेथे जमा करावी. प्रत्येक प्रतीवर तारीख आणि पाहणी करणाऱ्यांची नावे लिहावीत, आणि दुरुस्ती झाली की त्याच कागदाला तिची तारीख, वापरलेले साहित्य व गवंड्याचे नाव जोडत जावे.